अस्वलांच्या वाटेवर पाढे

त्या अस्वलाला मासा पकडता येत नव्हता, आणि माझ्या आईला ते बघवत नव्हतं.

होक्काइदोच्या ईशान्य टोकाला, शिरेतोकोच्या रानात, एक छोटी नदी समुद्राला मिळते. तिथे उंचावर बांधलेल्या लाकडी माचावर आम्ही सात जण कठड्याला टेकून उभे होतो. सप्टेंबर महिना होता. समुद्रातून सॅल्मन मासे अंडी घालायला नदीत शिरत होते, आणि पाणी इतकं उथळ की त्यांच्या पाठी उघड्या पडलेल्या. पाय टाकला तर माशावरच पडावा. तरी हे तपकिरी अस्वल, दोन-तीन वर्षांचं, नुकतंच आईपासून सुटं झालेलं, पोटावर धाडकन उडी मारायचं, पाणी उडवायचं, मासे पळवून लावायचं आणि मग स्वतःच्या पंजांकडे बघत बसायचं. जणू चूक पंजांची होती.

“अरे, खाली बघ, खाली! पायाशी आहे तुझ्या!” आई ओरडली.

मराठीत ओरडली, अर्थात. आमच्या घरात मासा शिजत नाही. सांगलीच्या बाजारात मासळीची गल्ली लागते म्हणून आईनं आयुष्यभर लांबचा वळसा घातलाय. आणि तीच बाई आता कठड्यावरून वाकून एका रानटी अस्वलाला मासेमारीची शिकवणी देत होती. “पोट आपटू नकोस! तोंड घाल पाण्यात, तोंड!”

माचावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. अशा वेळी मी काय करते ते माझ्या लेकीला तोंडपाठ आहे: चारी दिशांना वाकून ‘सुमिमासेन, सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, माफ करा. त्या दिवशीही माझी कंबर आपोआप वाकली. पण वाकल्या वाकल्या मी हसत होते, आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. कारण आईचा हा आवाज त्या सकाळपर्यंत पाच आठवडे बंद होता, आणि तो बंद मी केला होता.

आईच्या आवाजाबद्दल आधी सांगायला हवं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पस्तीस वर्षं, एका वर्गात साठ पोरं, वर पत्र्याचं छप्पर. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळायला लागल्या की बाकीच्या बाई पुस्तक मिटून बसायच्या. आई पावसाच्या वर आवाज चढवून शिकवत राहायची. घरी यावं तर नवरा ऐकू न येणारा. बाबा साखर कारखान्यात ऊस पिळण्याच्या विभागात होते, आणि चाळिशी गाठेपर्यंत त्या धडधडाटानं त्यांचे दोन्ही कान गेले. कानाचं मशीन आणलं होतं, ते त्यांनी आठवडाभरात कपाटात टाकलं. म्हणाले, “ह्याच्यानं नको ते पण ऐकू येतं.”

त्यामुळे आमच्याकडे गुपित म्हणून काही नव्हतंच. आईनं बाबांच्या कानात सांगितलेली गोष्ट चौथ्या घरात कळायची. माझे सातवीतले गणिताचे मार्क आईनं बाबांना दारात सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला मला म्हणाला, “होईल गं, पुढच्या वेळी होईल.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठी झाले की अशा घरात राहायचं जिथं सगळे हळू बोलतात, असं मी तेव्हाच ठरवलं. देवानं ऐकलं, आणि जरा जास्तच ऐकलं. मला जपान मिळालं.

नवरा टोकियोत एका बँकेत, आणि घर उरायासुला, खाडीकाठी, सातव्या मजल्यावर. दोन हजार अकराच्या मार्चमधला मोठा भूकंप झाला तेव्हा लेक तीन वर्षांची होती. आमची इमारत उभी राहिली, पण खालच्या जमिनीतून राखाडी चिखल उसळून वर आला, रस्ते वाकले, नळ बंद पडले. तिसऱ्या दिवशी मी लेकीला कडेवर घेऊन पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभी होते. दोनशे माणसं, आणि एक अवाक्षर नाही. इतक्यात माझा फोन वाजला. तीन दिवसांत पहिल्यांदा लागला होता.

“जेवलीस का गं?”

मी स्पीकर लावला नव्हता. गरजच नव्हती. पुढची वीस आणि मागची वीस माणसं वळली. माझ्या पुढचे एक आजोबा हातातले रिकामे कॅन खाली ठेवून म्हणाले, “कोण? काय म्हणतात?” मी सांगितलं, माझी आई आहे, भारतातून बोलतेय, जेवलीस का विचारतेय. त्यांनी ते मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना, आणि ती अख्खी रांग तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. आजोबा म्हणाले, “छान आवाज आहे.” तो फोन लागला नसता तर मी त्या दिवशी रांगेतच खाली बसले असते, हे मला नक्की माहीत आहे. आणि तरी मी विसरले. माणूस असा विसरतो.

त्यानंतर चौथ्या वर्षी बाबा गेले. मी एकुलती एक. जुलैमध्ये आईला तीन महिन्यांच्या व्हिसावर उरायासुला घेऊन आले. म्हटलं, बघू, आवडलं तर दर वर्षी येत राहील. सांगलीच्या घरात एकटी बसून काय करणार?

पहिले पंधरा दिवस आनंदाचे गेले. सकाळी दहाला, म्हणजे सांगलीत साडेसहाला, आई बाल्कनीत उभी राहून मावशीला फोन करायची. फोनची गरज होती असं नाही. मग एक दिवस लिफ्टमध्ये कागद लागला. छापील, सुबक, खाली वाकणाऱ्या सशाचं चित्र. ‘उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात. बाल्कनीतल्या संभाषणाचा आवाज दूरवर जातो. सर्वांनी कृपया काळजी घ्यावी.’ कुणाचं नाव नाही, मजला नाही. जपानात पत्र कुणालाच नसलं की ते आपल्याला आहे असं समजायचं.

मी घाबरले. मी घाबरले की चिडते, आणि चिडले की नियम करते. बाल्कनीत फोन नाही. सकाळी आठच्या आधी आणि रात्री आठच्या नंतर मिक्सर नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक नाही. उठून जायचं आणि सांगायचं. लेक तर इथल्याच शाळेत वाढलेली. तिनं ते काम आनंदानं अंगावर घेतलं. आजीनं तोंड उघडलं की ओठांवर बोट ठेवून ती म्हणायची, “आजी, शिझुका नि!” शांत, शांत. आई हसून मान डोलवायची. पस्तीस वर्षं साठ पोरांना ‘शांत बसा’ म्हणणारी बाई सात वर्षांच्या पोरीचं ‘शांत बस’ ऐकून घ्यायची.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मी आंघोळीला गेले होते. आईनं स्वयंपाकघरातून सांगलीच्या मापानं हाक मारली, “पोळ्या गार होतायत गं!” मी टॉवेल गुंडाळून तशीच बाहेर आले. दिवसभराचा वैताग, लिफ्टमधला तो ससा, सगळं एकदम डोक्यात गेलं आणि मी म्हणाले, “आई, इथं कुणी बहिरं नाहीये!”

तिनं गॅस बंद केला. पोळी तव्यावरून काढली, तूप लावलं, माझ्या ताटात वाढली. दुसऱ्या दिवसापासून ती कुजबुजायला लागली.

मीठ हवंय का, हेही कुजबुजून. फोन आला तर “नंतर करते” एवढं कुजबुजून. सुरुवातीला मला बरं वाटलं, हे कबूल करते. मग चार दिवसांनी ते घर मला खायला उठलं. “अगं, इतकं पण हळू नको,” मी म्हटलं, तर तिनं नुसतीच मान हलवली. रोज संध्याकाळी ती नातीला घेऊन खाडीच्या बांधावर फिरायला जायची आणि तासाभरानं परत यायची, तेवढ्यापुरता चेहरा मोकळा दिसायचा. सप्टेंबर लागला तसं एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, “आता पुन्हा काही मी यायची नाही हं. विमानात गुडघे धरतात.”

गुडघे! गुडघ्यांचं कारण मला ती बाई सांगत होती, जिनं त्याच आठवड्यात लिफ्ट बंद असताना सात मजले चढून दाखवले होते. मी माफी मागायला हवी होती. पण आमच्याकडे कधी कुणी माफी मागितलेली मी पाहिलेली नाही. आमच्याकडे भांडण झालं की दुसऱ्या दिवशी शिरा होतो. मी शिऱ्याच्या ऐवजी होक्काइदोची तिकिटं काढली. लेकीला अस्वलांचं वेड होतं, सप्टेंबरात शाळेला जोडून सुट्ट्या होत्या, आणि आईचं परतीचं विमान दहा दिवसांवर आलं होतं. नवऱ्याची बँकेत सहामाहीची गडबड, तो येऊ शकला नाही. म्हणाला, “अस्वलं दाखवून आईंना मनवणार तू?” मी म्हटलं, “तुझ्याकडे दुसरं काही असेल तर सांग.” नव्हतं.

तर शिरेतोको. रानात शिरायच्या आधी एका लाकडी खोलीत आम्हाला बसवून नियम सांगतात. आमच्या गाइडबाई चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, आणि घसा पार बसलेला. सगळा उन्हाळा रानात हाका घालून घालून आवाजाचं खोबरं झालं होतं. आमच्याबरोबर टोकियोचं एक निवृत्त जोडपं होतं आणि गळ्यात बाळाएवढा कॅमेरा लटकवलेला एक तरुण. गाइडबाई घोगऱ्या आवाजात सांगत होत्या, मी आईला मराठीत सांगत होते. वासाचं खाणं बरोबर न्यायचं नाही. इथं आईनं पिशवीतून लसणीच्या चटणीचा डबा काढून मुकाट्यानं कपाटात ठेवला. पळायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अस्वलाला माणसं भेटायची मुळीच हौस नसते, पण अचानक समोर आलात तर ते बिथरतं. म्हणून वाटेत बोलत राहा. मोठ्यानं.

आई कुजबुजली, “काय म्हणतात?”

“मोठ्यानं बोला म्हणतात.”

“कुणी?”

“सगळ्यांनी.”

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीतच असल्यासारखी झाले. “नीट विचार त्यांना,” ती कुजबुजली. “लेखी आहे का म्हणावं.”

मी खरंच विचारलं. गाइडबाईंनी भिंतीवरच्या फलकावर बोट ठेवलं. होतं लेखी.

पण नियम असून उपयोग काय? रानात शिरलो, दोन्ही बाजूंना छातीएवढं बांबूचं गवत, वळणापलीकडचं काही दिसत नाही, आणि आमची मंडळी बोलेनात. जन्मभर गाडीत, लिफ्टमध्ये, इस्पितळात गप्प बसायची शिकवण मिळालेली माणसं ती. निवृत्त काका देवळात वाजवाव्यात तशा दोन टाळ्या वाजवून थांबले. काकू “होई, होई” असं इतक्या मृदूपणे म्हणाल्या की त्यांच्या शेजारी असूनही मला अंदाजच करावा लागला. कॅमेऱ्यावाला खोकला. गाइडबाईंनी हाक घालायला तोंड उघडलं आणि नुसतीच हवा आली. त्या थांबल्या, हात जोडून म्हणाल्या, “प्लीज, कुणीतरी आवाज करा.”

मी आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती.

तेवढ्यात लेकीनं तिचा हात ओढला. “आजी, बे एके बे म्हण ना. समुद्रावर म्हणतेस तसं.” मराठीत सुरू केलं आणि पुढचं जपानीत, माझ्यासाठी: “आजी रोज बांधावर आजोबांशी बोलते. एकदम मोठ्यानं. मग आम्ही पाढे म्हणतो. तिथं शेजारी नाहीत ना.”

मी वाटेवर थांबले. पाच आठवडे ती रोज संध्याकाळी तासभर कुठं जात होती ते मला तिथं कळलं, पायाशी अस्वलाची ताजी लीद आणि मागे चार परकी माणसं असताना. माझी सगळ्यात शिस्तीची पोलीसही फितूर झाली होती, आणि ते बरंच झालं होतं. आई लाजून म्हणाली, “काही नाही गं, आपलं रोजचं सांगते त्यांना. काय भाजी केली वगैरे.”

“आई,” मी म्हटलं, “म्हण ना. गाइडबाई थांबल्यात.”

तिनं पदर खोचला. पातळावर बाबांचा जुना स्वेटर आणि पायात माझे स्पोर्ट्स शूज. घसा खाकरला, आणि सुरू झाली. “बे एके बे!”

झाडावरचे कावळे उडाले. “बे दुणे चार! बे त्रिक सहा!” लेक मागोमाग ओरडायला लागली. ती दुसरीत, आणि जपानातही दुसरीतच पाढे असतात, तेही चालीवरच. आजीचं “बे चोक आठ” झालं की हिचं “नि शि गा हाचि”. चारच्या पाढ्याला निवृत्त काकूंना राहवलं नाही, त्या नातीच्या बाजूनं जपानीत सामील झाल्या. मग काका. सातच्या पाढ्याला कॅमेऱ्यावालाही लागला, आणि सात सत्ते एकोणपन्नासला अडखळला. आईनं मागे वळून त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो बरोबर म्हणाला. आईला जपानीतला ज की प कळत नाही. चुकलेला पाढा मात्र कुठल्याही भाषेत कळतो. अशी आमची वरात पाढे म्हणत नदीपर्यंत गेली.

आणि मग माचावर तो मघाचा विद्यार्थी भेटला.

खाली एकूण तीन अस्वलं होती. त्यातली एक थोरली मादी म्हणजे कसलेली बाई. पाण्यात मान खाली घालून नुसती उभी राहायची. दोन मिनिटं हालचाल नाही. मग एकदम तोंड पाण्यात, वर काढलं की त्यात तडफडणारा मासा. काठावर नेऊन कातडं सोलायची, पोटातली अंडी खायची आणि बाकीचा मासा टाकून द्यायची. “माज बघ,” आई म्हणाली. सडक्या माशांचा वास वरपर्यंत येत होता, तिनं पदर नाकाला लावला होता, पण डोळे हलत नव्हते. मादीनं टाकलेला मासा त्या तरुण अस्वलानं हळूच पळवला. “कॉपी!” आई गरजली. “कॉपी करतोय बघ! मोठ्या बाईंच्या ताटातलं उचलतोय!”

मी भाषांतर केलं. गाइडबाई हसता हसता कठड्यावर वाकल्या. त्यांनी सांगितलं, इतक्या वरून बोललेलं चालतं, अस्वलांना आपली पर्वा नाही. आईला ते पटलं नाही. तिच्या मते ते ऐकत होतं, फक्त वळत नव्हतं. अर्धा तास तिनं त्याला सोडलं नाही. “घाई नको! उभा राहा आधी! बाईंकडे बघ, त्या काय करतात!” आणि मग ते पोर खरोखरच थांबलं. थकलं असेल. चार पायांवर उभं राहून पाण्यात बघत राहिलं, आणि मुंडी घातली, आणि मासा निघाला. चांगला हातभर. त्यालाच इतकं आश्चर्य वाटलं की मासा तोंडात धरून ते तसंच उभं राहिलं. माचावर टाळ्या पडल्या. ते आईच्या शिकवणीनं झालं असं मी म्हणणार नाही. आई अजून म्हणते.

निवृत्त काकूंनी मला विचारलं, “तुमच्या आईंना एवढा आवाज कुठून मिळाला?” मी आईला विचारलं. आई नदीकडे बघत म्हणाली, “सांग त्यांना, आमच्या ह्यांना ऐकू यायचं नाही. चाळीस वर्षं मोठ्यानं बोलले. आता हळू कसं बोलायचं ते शिकतेय.”

ते मी जपानीत सांगितलं. दोनदा सुरुवात करावी लागली. काकू नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्यांचे कान उत्तम आहेत. चाळीस वर्षांत एक शब्द ऐकला नाही.” मी ते आईला सांगितलं आणि दोघी एकमेकींचे हात धरून हसल्या.

परत निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई पुढे, मी मागे. पाढे वीसपर्यंत झाले होते, सगळे जरा दमले होते. मी तिच्या पाठीला हळूच म्हणाले, “आई, त्या दिवशी मी बोलले ते… चुकलं माझं.”

ती चालत राहिली. “काय? ऐकू नाही आलं.”

“चुकलं माझं म्हटलं.”

“मोठ्यानं बोल. इथं नियम आहे.”

अशी माझी आई! मी थांबले, श्वास घेतला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “चुकलं माझं!”

माझ्या मागच्या कॅमेऱ्यावाल्याला वाटलं, ही आमच्याकडची अस्वलांना घालायची हाक. त्यानं तोंडाभोवती हात धरले आणि मनापासून साद दिली, “चुकलं माझं!” काका म्हणाले, “चुकलं माझं!” काकू म्हणाल्या. शेवटी गाइडबाईही फाटक्या आवाजात म्हणाल्या. लेक हसून हसून वाटेतच बसली. आईचे खांदे गदगदत होते. वळली तेव्हा ती स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसत होती. “बघ,” म्हणाली, “अख्खा जपान माफी मागतोय. तू एकटीच नाहीस.”

मग जरा थांबून म्हणाली, “तू खोटं नव्हतीस बोलली. खरंच कुणी बहिरं नाही इथं. हे गेल्यावर रडले, सगळं झालं, पण आता ओरडून सांगायला कुणी उरलं नाही, हे मला त्या पोळ्यांच्या दिवशी कळलं.”

मी तिचा हात धरला. आणि तेवढ्यात गाइडबाईंनी हात वर केला.

पुढे तीस-चाळीस पावलांवर गवत हललं आणि एक मोठं अस्वल वाटेवर येऊन आडवं उभं राहिलं. मान वळवून आमच्याकडे बघायला लागलं. सगळे जागच्या जागी. लेकीनं माझा हात घट्ट धरला. गाइडबाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, “पळू नका. आवाज चालू ठेवा. शांतपणे.” आणि आईकडे बघितलं.

आई एरवी झुरळाला घाबरते. पण वर्ग समोर असला की ती वेगळी असते. तिनं ओरडा केला नाही. खालच्या, ठाम, परीक्षेच्या दिवशीच्या आवाजात सुरू केलं. “एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक सोळोदरसे.”

सोळोदरशांपर्यंत, म्हणजे एकशे सोळापर्यंत, अस्वलानं ऐकलं. मग पाठ फिरवली आणि तो भला मोठा पार्श्वभाग हलवत गवतात निघून गेलं.

“एकोणतिसाच्या पाढ्याला पळणारी पोरं मी पस्तीस वर्षं बघितलीत,” आई म्हणाली, आणि मग तिचे गुडघे खरोखरच लटपटले. मी तिला धरलं.

घरी आल्यावर उरलेले आठ दिवस आम्ही तिघी रोज बांधावर गेलो. मी जरा लांब बसायचे, पण लांब बसून काय होतंय, सगळं ऐकू यायचंच. “अहो, अस्वल बघितलं हं! थेट तुमच्यासारखं. सांगितलेलं ऐकायचं नाही आणि शेवटी स्वतःच्या मनानं केलं म्हणून मिरवायचं!” मी खाडीकडे बघत हसायचे आणि रडायचे. घरात आई आता कुजबुजत नव्हती, मध्यम आवाजात बोलायची. लिफ्टमधल्या सशाकडे मी बघणं सोडलं. पण पुन्हा येण्याबद्दल ती काही बोलली नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाली, “गुडघे बघू काय म्हणतात.”

नारिता विमानतळावर तपासणीच्या दारापर्यंतच सोडायला जाता येतं. आईनं नातीचा पापा घेतला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि रांगेत गेली. वळून वळून चढत जाणारी लांब रांग, सगळी शांत, फक्त बॅगांच्या चाकांचा आवाज. तिचा तो स्वेटर पुढे पुढे सरकत लहान होत गेला. अजून दहा पावलं आणि ती भिंतीआड जाणार होती. मला एकदम ती पाण्याची रांग आठवली, आणि पुढे काय झालं ते मी ठरवून केलं नाही.

“आई!” मी ओरडले. “विमानात जेवून घे गं!”

शे-दीडशे माणसं वळली. पहारेकरी वळला. पार तिकडे आई वळली. माझ्याकडे बघितलं, आणि अगदी सावकाश, सगळ्यांना दिसेल असं, ओठांवर बोट ठेवलं. “शिझुका नि!” लेक माझ्या शेजारी खिदळली.

मग आईनं ते बोट काढलं, पत्र्यावर पाऊस पडत असल्यासारखी छाती भरून घेतली, आणि त्या सगळ्या डोक्यांवरून तिचा आवाज आला. “मार्चमध्ये येते! तोवर हिचे एकोणतीसपर्यंत पाढे करून घे!”

सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. लेक माझ्या कमरेकडे बघत होती, मी आता वाकेन म्हणून. मी ताठ उभी राहिले आणि ओरडून म्हटलं, “हो!”